प्रकल्प नोंदी: सी सर्व्हरमध्ये क्लायंटचा पत्ता वाचणं

२ जून २०२५

मोबाइल सिमवर चालणाऱ्या पाणीपातळी मापकांकडून दर १५ मिनिटांनी वाचन घेणारा सर्व्हर सी मध्ये नव्याने लिहायला घेतला आहे. आधीचा सर्व्हर मूळ आयपीव्ही४ (४ बाइटचे जुने इंटरनेट पत्ते) साठीचा होता. नंतर त्यात आयपीव्ही६ (१६ बाइटचे नवे पत्ते) जोडलं गेलं, पण पत्ता वाचणारा भाग तसाच राहिला. त्यामुळे त्याच्या लॉगमध्ये ०.०.०.० हा पत्ता अनेकदा दिसतो. या नोंदी फक्त त्या एका भागाच्या आहेत: जोडणी आली की पलीकडच्याचा पत्ता आणि पोर्ट बरोबर कसा घ्यायचा, कसा साठवायचा आणि त्यावर कितपत विसंबायचं.

यंत्रणा: डेबियन १२, कर्नल ६.१, जीलिबसी २.३६, जीसीसी १२.२.

पत्ता तीन कामांसाठी लागतो: लॉग, परवानगी यादी आणि एका ठिकाणाहून किती जोडण्या घ्यायच्या त्याची मर्यादा. यातल्या दोन कामांना पत्ता बाइटच्या रूपातच हवा, अक्षरांत नको. म्हणून पहिला निर्णय (अ‍ॅक्सेप्ट म्हणजे आलेली जोडणी स्वीकारणारं फंक्शन): अ‍ॅक्सेप्टने दिलेला पत्ता जसाच्या तसा, लांबीसकट, जोडणीच्या रेकॉर्डमध्ये ठेवायचा. अक्षरांत रूपांतर लॉगची ओळ लिहितानाच.

रेकॉर्डमध्ये सॉकअ‍ॅडर_स्टोरेज वापरतो आहोत, म्हणजे कुठल्याही प्रकारचा पत्ता मावेल असं स्ट्रक्चर. लिनक्सवर आकार असे: सॉकअ‍ॅडर_इन (आयपीव्ही४) १६ बाइट, सॉकअ‍ॅडर_इन६ (आयपीव्ही६) २८ बाइट, एकाच मशीनवरच्या युनिक्स सॉकेटचं (सॉकेट म्हणजे जोडणीचं टोक) सॉकअ‍ॅडर_यूएन ११० बाइट, स्टोरेज १२८ बाइट. नुसतं सॉकअ‍ॅडर १६ बाइटचं असतं, त्यामुळे त्याचं व्हेरिएबल घोषित करून त्यात पत्ता घेणं आयपीव्ही४ पुरतंच जमतं. ते स्ट्रक्चर पॉइंटर कास्ट करण्यापुरतं आहे. सॉकेटचा हा इंटरफेस १९८३ च्या ४.२ बीएसडीमधला. तेव्हा सी मध्ये व्हॉइड पॉइंटरची सोय प्रमाण झाली नव्हती, म्हणून कुठल्याही पत्त्याला चालेल असा एक सामाईक प्रकार लागला.

आयपीव्ही६ क्लायंटसाठी १६ बाइटचं बफर दिलं तर काय होतं ते मुद्दाम तपासलं. एरर येत नाही. कर्नल पहिले १६ बाइट भरतो: २ फॅमिलीचे (पत्ता कुठल्या प्रकारचा ते), २ पोर्टचे, ४ फ्लोइन्फोचे (प्रवाहाची खूण) आणि पत्त्याचे पहिले ८. उरलेला अर्धा पत्ता सोडून दिला जातो, आणि लांबीच्या जागी २८ लिहून येतात. पुढे कुणी त्या बफरला सॉकअ‍ॅडर_इन६ समजून वाचलं तर शेवटचे ८ बाइट स्टॅकवरचा कचरा असतो. म्हणून अ‍ॅक्सेप्टनंतर लगेच एक तपासणी ठेवली: परत आलेली लांबी बफरच्या आकारापेक्षा जास्त असेल तर पत्ता कापला गेला आहे, तो वापरायचा नाही.

स्टोरेजमधून विशिष्ट प्रकार काढताना थेट कास्ट करून फील्ड वाचण्याऐवजी मेमसीपीवायने योग्य प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये प्रत घ्यायची, असं ठरलं. २८ बाइटच्या प्रतीला वेळ लागत नाही, आणि ऑप्टिमायझेशन चालू असताना स्ट्रिक्ट अलायसिंगच्या (एकच मेमरी दोन वेगळ्या प्रकारांनी वाचू नये, या नियमाच्या) शंकेला जागा राहत नाही.

३ जून २०२५

लांबीचं व्हेरिएबल. ०.०.०.० चं अर्धं उत्तर इथेच आहे.

अ‍ॅक्सेप्टचा तिसरा आर्ग्युमेंट दोन्ही दिशांनी चालतो. जाताना आपण बफर केवढं आहे ते सांगतो, येताना कर्नल पत्ता खरोखर केवढा होता ते सांगतो. जुन्या कोडमध्ये हे व्हेरिएबल घोषित केलेलं आहे, पण त्याला सुरुवातीची किंमत दिलेली नाही. मग तिथे काय सापडेल त्यावर परिणाम अवलंबून:

शून्य असेल तर पत्ता अजिबात लिहिला जात नाही, पण खरी लांबी, म्हणजे १६, लिहिली जाते. त्यामुळे पहिला क्लायंट ०.०.०.० आणि पोर्ट ० दाखवतो आणि दुसऱ्यापासून सगळं ठीक चालतं. सर्व्हर सुरू केल्यावर फक्त पहिलीच नोंद चुकीची असणं ही याची हमखास खूण. ऋण संख्या असेल तर अ‍ॅक्सेप्ट ईइनव्हॅल (चुकीची किंमत) हा एरर देतो, आणि तोवर जोडणी रांगेतून निघालेली असते. म्हणजे क्लायंटला जोडणी लागल्याचं दिसतं आणि ती लगेच बंद होते. मोठी धन संख्या असेल तर सगळं बरोबर दिसतं, आणि दोष वर्षानुवर्षं तसाच राहतो.

नियम: प्रत्येक अ‍ॅक्सेप्टच्या आधी, लूपच्या आत, लांबी = साइझऑफ स्टोरेज. लूपच्या बाहेर एकदाच लिहिलं तर आयपीव्ही४ वर चालून जातं, कारण १६ चे १६ च राहतात. युनिक्स सॉकेटवर मात्र नाव न बांधलेला क्लायंट लांबी २ करून ठेवतो, आणि पुढच्या क्लायंटच्या पत्त्याचे दोनच बाइट हाती येतात.

प्रकार सॉकलेन_टी हाच हवा. साइझ_टी ६४ बिट मशीनवर ८ बाइटचा असतो आणि कर्नल ४ च बाइट वाचतो व लिहितो. लिटल एंडियन (लहान बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर हे नशिबाने जुळतं, बिग एंडियनवर कर्नलला शून्य दिसतं. कंपायलर पॉइंटरचा प्रकार जुळत नाही अशी वॉर्निंग देतो. ती वॉर्निंग एरर ठरवायची, असं बिल्डमध्ये घातलं.

५ जून २०२५

पत्ता अक्षरांत. आज सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला, आणि तो इथेच जायला हवा होता, कारण लॉग वाचणाऱ्याला दिसतं ते हेच.

जुना कोड आयनेट_एनटीओए वापरतो. ते फंक्शन आपल्या आतल्या बफरचा पॉइंटर परत देतं. जीलिबसीमध्ये तो बफर प्रत्येक थ्रेडचा वेगळा आहे, त्यामुळे दोन थ्रेड एकमेकांचं पुसत नाहीत. पण एकाच प्रिंटएफमध्ये क्लायंटचा आणि स्वतःचा पत्ता छापायला ते दोनदा बोलावलं तर दोन्ही जागी एकच पत्ता छापला जातो. शिवाय ते आयपीव्ही६ जाणत नाही. नव्या कोडमध्ये त्याला जागा नाही.

आयनेट_एनटॉप बफर आपल्याकडून घेतं. आयपीव्ही४ ला १६ आणि आयपीव्ही६ ला ४६ बाइट लागतात. ४६ का, तर सर्वांत लांब रूपात चार-चार आकड्यांचे सहा गट, सहा विसर्गचिन्हं आणि शेवटी २५५.२५५.२५५.२५५ येऊ शकतं. ते ४५ होतात, वर एक शेवटचा शून्य बाइट. बफर कमी पडलं तर नल परत येतो आणि एररनोमध्ये (शेवटच्या एररचा आकडा ठेवणारं व्हेरिएबल) ईएनओएसपीसी, म्हणजे जागा कमी. ती नल थेट प्रिंटएफला गेली तर सर्व्हर कोसळू शकतो, म्हणून तपासणी सक्तीची.

या फंक्शनला नेमका कशाचा पॉइंटर द्यायचा यात गोंधळ होतो. आतल्या सिन_अ‍ॅडरचा द्यायचा, पूर्ण स्ट्रक्चरचा नाही. पूर्ण स्ट्रक्चरचा दिला तर ते पहिले चार बाइट पत्ता समजून छापतं, आणि ते चार बाइट म्हणजे फॅमिली आणि पोर्ट. क्लायंटचं पोर्ट ५४३२१ असेल तर २.०.२१२.४९ असा पत्ता दिसतो. २.०. ने सुरू होणारे आणि प्रत्येक जोडणीला शेवट बदलणारे पत्ते लॉगमध्ये दिसले की दुसरं काही शोधत बसू नये.

०.०.०.० चं उरलेलं अर्धं उत्तर: आयपीव्ही६ चा पत्ता सॉकअ‍ॅडर_इन समजून वाचला तर सिन_अ‍ॅडरच्या जागी फ्लोइन्फो येतो, आणि तो बहुधा शून्य असतो. पोर्टची जागा मात्र दोन्ही स्ट्रक्चरमध्ये सारखीच, तिसरा आणि चौथा बाइट. म्हणून लॉग पाहताना हा भेद कामाचा: पत्ता शून्य आणि पोर्टही शून्य असेल तर लांबी चुकली, पत्ता शून्य पण पोर्ट बरोबर असेल तर फॅमिली न बघता वाचलं. आधीच्या लॉगमध्ये दोन्ही प्रकारच्या ओळी सापडतात.

पोर्ट नेटवर्क क्रमात येतो, मोठा बाइट आधी. तो मशीनच्या क्रमात आणणारं एनटीओएचएस विसरलं तर ५४३२१ चे १२७५६ होतात आणि ८०८० चे ३६८९५. दोन्ही आकडे पोर्ट म्हणून खपून जातात, त्यामुळे नजरेला खटकत नाहीत. पडताळणीचा सोपा मार्ग: नेटकॅटला (हाताने जोडणी करून पाहण्याचं साधन) स्रोत पोर्ट ठरवून द्यायचा आणि लॉगमध्ये तोच येतो का ते पाहायचं. दुसऱ्या टर्मिनलमध्ये एसएस कमांड चालवून कर्नलकडचा आकडा ताडून घ्यायचा.

सरतेशेवटी लॉगसाठी गेटनेमइन्फो हे पत्ता अक्षरांत आणणारं फंक्शन निवडलं. त्याला पूर्ण स्टोरेज आणि अ‍ॅक्सेप्टने परत दिलेली लांबी द्यायची. फॅमिली ते स्वतः बघतं, पोर्टचे बाइट स्वतः फिरवतं, स्कोपही (पत्ता कुठल्या नेटवर्क कार्डापुरता ते) स्वतः जोडतं. आपल्या हातून फॅमिली चुकण्याची शक्यताच उरत नाही. पण एनआय_न्यूमरिकहोस्ट आणि एनआय_न्यूमरिकसर्व्ह हे दोन्ही फ्लॅग न चुकता द्यायचे. पहिला नसेल तर ते नाव शोधायला डीएनएसकडे (पत्ते आणि नावं जुळवणारी सेवा) जातं. रिझॉल्व्हरची मूळ सेटिंग ५ सेकंद थांबणं आणि २ प्रयत्न अशी आहे, म्हणजे नेमसर्व्हर गप्प असेल तर एका क्लायंटमागे १० सेकंद. हे अ‍ॅक्सेप्टच्याच लूपमध्ये घडलं तर तेवढा वेळ बाकीचे सगळे रांगेत. दुसरा फ्लॅग नसेल तर पोर्टच्या जागी कधी आकडा, कधी सेवेचं नाव छापलं जातं, आणि लॉग वाचणारी स्क्रिप्ट अडते.

गेटनेमइन्फोचा एरर एररनोमध्ये पाहायचा नाही. परत आलेला आकडाच एरर कोड असतो, त्याचा मजकूर गाय_स्ट्रएररकडून घ्यायचा. अपवाद ईएआय_सिस्टमचा, तेव्हा मात्र एररनो बघायचा.

लॉगमध्ये आयपीव्ही६ पत्ता चौकटी कंसात, मग पोर्ट: [२००१:डीबी८::७]:५४३२१. कंस नसतील तर पत्ता कुठे संपला आणि पोर्ट कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही.

९ जून २०२५

ऐकणारं सॉकेट एक की दोन, यावर निर्णय.

एकच आयपीव्ही६ सॉकेट ठेवून त्यावर आयपीव्ही४ क्लायंटही घेता येतात. मग त्यांचा पत्ता ::एफएफएफएफ:१९२.०.२.१० अशा मॅप केलेल्या रूपात येतो. फॅमिली एएफ_इनेट६, लांबी २८, आणि खरा पत्ता शेवटच्या ४ बाइटमध्ये. छापताना ते ठीक दिसतं. अडचण परवानगी यादीत येते. यादीत १९२.०.२.१० आहे, आलेल्या पत्त्याची फॅमिली वेगळी, तुलना जुळत नाही, आणि बरोबर मापक बाहेर राहतो. बंदी यादी असेल तर उलट: बंदी घातलेला आत येतो. हे जास्त धोक्याचं.

हे रूप मिळणार की नाही ते आयपीव्ही६_व्ही६ओन्ली या पर्यायावर ठरतं. लिनक्सवर त्याची मूळ किंमत बाइंडव्ही६ओन्ली या सिस्टम सेटिंगमधून येते आणि ती सहसा ० असते. फ्रीबीएसडीवर मूळ किंमत उलट आहे. ओपनबीएसडी तर मॅप केलेले पत्ते सॉकेटवर घेतच नाही. म्हणजे मूळ किमतीवर सोडलेला कोड जिथे जाईल तिथे वेगळा वागेल.

निर्णय: दोन सॉकेट, एक आयपीव्ही४ चं, एक आयपीव्ही६ चं, आणि दुसऱ्यावर व्ही६ओन्ली = १ स्पष्टपणे. हा पर्याय बाइंडच्या (सॉकेटला पत्ता आणि पोर्ट बांधण्याच्या) आधी लावायचा, नंतर लावून उपयोग नाही. न लावता दोन्ही एकाच पोर्टवर बांधायला गेलं तर दुसरं बाइंड पत्ता वापरात असल्याचा एरर देतं.

तरीही मॅप उलगडणारं छोटं फंक्शन लिहून ठेवलं. इन६_इझ_अ‍ॅडर_व्ही४मॅप्ड ने तपासायचं. होय असेल तर नवं सॉकअ‍ॅडर_इन शून्याने भरायचं, फॅमिली एएफ_इनेट, पोर्ट तसाच, पत्त्याच्या १६ पैकी १२ व्या जागेपासूनचे ४ बाइट उचलायचे (मोजणी शून्यापासून), लांबी १६. पत्ता कुठूनही येवो, यादीशी तुलना करण्याआधी तो या फंक्शनमधून जाईल.

तुलना नेहमी बाइटची. पूर्ण स्टोरेजवर मेमसीएमपी चालवायचा नाही, कारण त्यात पोर्ट असतो आणि तो प्रत्येक जोडणीला बदलतो. अक्षरांची तुलनाही नको: २००१:डीबी८:०:०:०:०:०:७ आणि २००१:डीबी८::७ हा एकच पत्ता आहे. यादीची फाइल वाचताना प्रत्येक ओळ आयनेट_पीटॉनने बाइटमध्ये आणायची आणि तीच मेमरीत ठेवायची.

१० जून २०२५

एफई८० ने सुरू होणारे लिंक-लोकल पत्ते. ते एका नेटवर्क कार्डापुरतेच खरे असतात, त्यामुळे पत्त्याबरोबर सिन६_स्कोप_आयडीही साठवावा लागतो. गेटनेमइन्फो तो शेवटी टक्के चिन्ह आणि कार्डाचं नाव असा छापतं, आयनेट_एनटॉप छापू शकत नाही, कारण त्याच्याकडे फक्त १६ बाइट जातात. पूर्ण स्टोरेज ठेवल्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

१२ जून २०२५

पत्ता अ‍ॅक्सेप्टकडून घ्यायचा की नंतर गेटपीअरनेमकडून (जोडणी झाल्यावर पलीकडचा पत्ता विचारणारं फंक्शन)? दोन्ही सारखंच देतात असं समजलं जातं. एका प्रसंगी देत नाहीत.

चाचणी: क्लायंट जोडणी करतो, एसओ_लिंगरमध्ये चालू = १ आणि वेळ = ० लावून सॉकेट बंद करतो. त्यामुळे रीसेट पॅकेट जातं. सर्व्हरला अ‍ॅक्सेप्टच्या आधी २ सेकंद झोपवलं आहे, म्हणजे रीसेट आलं तेव्हा जोडणी अजून रांगेतच होती. लिनक्सवर अ‍ॅक्सेप्ट तरीही यशस्वी होतो आणि पत्ता, पोर्ट दोन्ही बरोबर देतो. त्याच डिस्क्रिप्टरवर (उघड्या जोडणीचा क्रमांक) लगेच गेटपीअरनेम केलं तर ईनॉटकॉन, म्हणजे जोडणी नाही असा एरर. लिनक्सच्या कर्नलमध्ये हे मुद्दाम केलेलं आहे: अ‍ॅक्सेप्टच्या वाटेने विचारलं तर जोडणी तुटलेली असली तरी पत्ता मिळतो, गेटपीअरनेमच्या वाटेने मिळत नाही.

पोर्ट तपासत फिरणारे स्कॅनर नेमके असेच येतात आणि जातात. ज्यांचा पत्ता लॉगमध्ये यायलाच हवा, त्यांचाच गेटपीअरनेमवर विसंबलेल्या लॉगमधून निसटतो. म्हणून पत्ता अ‍ॅक्सेप्टकडूनच. गेटपीअरनेम फक्त तिथे, जिथे अ‍ॅक्सेप्ट आपण केलेलाच नसतो: दुसऱ्या प्रोसेसकडून वारशाने आलेलं डिस्क्रिप्टर, किंवा सिस्टमडीने (लिनक्सवर सेवा सुरू करणारा प्रोग्राम) अ‍ॅक्सेप्ट = होय ठेवून सुरू केलेली सेवा. तिथे रिमोट_अ‍ॅडर आणि रिमोट_पोर्ट ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलंही मिळतात.

अ‍ॅक्सेप्टचे एरर याच दिवशी लावून घेतले. ईइंटर (सिग्नलने अडवलं) आणि ईकॉनअबॉर्टेड (जोडणी तुटली) आले तर पुढच्या जोडणीकडे जायचं. लिनक्स नेटवर्कचे प्रलंबित एररही अ‍ॅक्सेप्टमधून देतो, जसे ईनेटडाउन, ईहोस्टअनरीच. त्यांनाही तीच वागणूक, सर्व्हर बंद करायचा नाही. ईएमफाइल वेगळा: डिस्क्रिप्टर संपले आहेत आणि जोडणी रांगेतच आहे. ईपोल (सॉकेटवर काही आलं की कळवणारी सोय) लगेच पुन्हा जागं करतो आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो. अशा वेळी ऐकणारं सॉकेट थोडा वेळ ईपोलमधून काढायचं आणि एखादी जोडणी बंद झाली की परत घालायचं.

१६ जून २०२५

थ्रेड. जुन्या कोडमध्ये लूपमधल्या पत्त्याच्या एकाच व्हेरिएबलचा पॉइंटर प्रत्येक नव्या थ्रेडला दिला जातो. थ्रेड तो वाचेपर्यंत पुढचा अ‍ॅक्सेप्ट त्यावर दुसऱ्या क्लायंटचा पत्ता लिहून मोकळा होतो. एकेका क्लायंटने तपासलं तर काहीच दिसत नाही, गर्दी झाली की दोन मापकांच्या नोंदी एकाच पोर्टवर दिसतात. नव्या कोडमध्ये अ‍ॅक्सेप्टच्या आधी जोडणीचं रेकॉर्ड मॅलॉक होतं, पत्ता थेट त्यातच उतरतो, आणि ईपोलच्या डेटा पॉइंटरमध्ये तेच रेकॉर्ड जातं. थ्रेड सॅनिटायझर लावून बिल्ड केलं की जुन्या पद्धतीची ही शर्यत तो लगेच दाखवतो.

१७ जून २०२५

प्रत्यक्ष मांडणीत सर्व्हरपुढे एचएप्रॉक्सी असेल, म्हणजे जोडण्या स्वतः घेऊन पुढे सर्व्हरकडे देणारा मध्यस्थ. मग अ‍ॅक्सेप्ट जो पत्ता देतो तो प्रॉक्सीचा, कारण टीसीपी जोडणी प्रॉक्सीनेच केली आहे. वरचं सगळं बरोबर लिहूनही लॉगभर एकच पत्ता दिसेल. इथे कर्नलचं काही चुकत नाही. कर्नल या टप्प्याच्या पलीकडच्या टोकाबद्दल सांगतो, त्याच्या मागे कोण आहे ते त्याला दिसतच नाही.

एचटीटीपी असतं तर हेडरमधून मूळ पत्ता पाठवता आला असता. आपला प्रोटोकॉल साधा टीसीपी आहे, म्हणून एचएप्रॉक्सीचाच प्रॉक्सी प्रोटोकॉल, दुसरी आवृत्ती. सर्व्हरच्या ओळीत सेंड-प्रॉक्सी-व्ही२ लिहिलं की प्रत्येक जोडणीच्या अगदी सुरुवातीला प्रॉक्सी एक बायनरी हेडर पाठवतो. वाचण्याचा क्रम:

आधी नेमके १६ बाइट. त्यातले पहिले १२ ठरलेली सही: १३, १०, १३, १०, ०, १३, १०, ८१, ८५, ७३, ८४, १०. तेराव्या बाइटमध्ये आवृत्ती आणि आज्ञा: ३३ म्हणजे प्रॉक्सी, ३२ म्हणजे लोकल. चौदाव्यात फॅमिली आणि वाहतूक: १७ म्हणजे आयपीव्ही४ वर टीसीपी, ३३ म्हणजे आयपीव्ही६ वर टीसीपी. शेवटच्या दोन बाइटमध्ये पुढच्या भागाची लांबी, नेटवर्क क्रमात. मग तेवढे बाइट वाचायचे. आयपीव्ही४ ला किमान १२: स्रोत पत्ता ४, गंतव्य पत्ता ४, दोन पोर्ट दोन-दोन. आयपीव्ही६ ला किमान ३६.

यात जपायच्या गोष्टी. लांबी १२ किंवा ३६ पेक्षा जास्त असू शकते, कारण मागे जादा माहितीचे तुकडे जोडता येतात. ते समजले नाहीत तरी वाचून टाकायचेच, नाहीतर ते मापकाच्या संदेशात मिसळतील. हेडरमधले फॅमिलीचे आकडे ऑपरेटिंग सिस्टमचे नाहीत. हेडरमध्ये १ म्हणजे आयपीव्ही४ आणि २ म्हणजे आयपीव्ही६, तर लिनक्समध्ये एएफ_इनेट हाच २ आहे आणि एएफ_इनेट६ हा १०. थेट उचलून एसएस_फॅमिलीत टाकलं तर आयपीव्ही६ क्लायंट आयपीव्ही४ म्हणून नोंदला जाईल. लोकल आज्ञा प्रॉक्सीच्या स्वतःच्या तपासणीची असते. तेव्हा हेडरमधला पत्ता सोडून सॉकेटचाच पत्ता धरायचा आणि जोडणी तोडायची नाही, नाहीतर प्रॉक्सी सर्व्हर मेला असं समजेल. १६ बाइट एकाच रीडमध्ये येतील हेही गृहीत धरायचं नाही. टीसीपी बाइटचा प्रवाह आहे, कमी आले तर उरलेल्यांसाठी थांबायचं, आणि थांबायला ३ सेकंदांची मर्यादा.

विश्वासाचा प्रश्न सगळ्यांत मोठा. हे हेडर कुणीही लिहून पाठवू शकतो. ज्याला थेट पोर्ट गाठता आलं त्याने परवानगी यादीतला एखादा पत्ता हेडरमध्ये लिहिला की झालं. म्हणून प्रॉक्सीसाठी वेगळं पोर्ट, त्यावर अ‍ॅक्सेप्टचा पत्ता प्रॉक्सींच्या यादीत नसेल तर एकही बाइट न वाचता बंद. त्या पोर्टवर हेडर नसेल तरीही बंद. हेडर आहे का याचा अंदाज बांधू नये, असं प्रोटोकॉलच्या नियमांतच म्हटलं आहे, आणि ते योग्यच आहे. रेकॉर्डमध्ये आता दोन पत्ते: सॉकेटचा आणि सांगितलेला. लॉगमध्ये दोन्ही छापतो. काही बिनसलं तर कुठल्या प्रॉक्सीने काय सांगितलं ते दिसायला हवं.

२० जून २०२५

जोडण्यांची मर्यादा. पत्ता बरोबर वाचता आला तरी एक पत्ता म्हणजे एक मापक असं धरता येत नाही.

मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ साठी आपल्या पातळीवर नॅट (अनेकांना एकाच पत्त्यामागे आणणारी सोय) लावतात. आतल्या बाजूला १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा त्यासाठी राखलेला पट्टा असतो, आणि बाहेर अनेक ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता. एका पत्त्यामागे १० जोडण्या अशी मर्यादा लावली तर एकाच पत्त्यामागचे मापक एकमेकांना बाहेर ढकलतील. आयपीव्ही६ वर उलटी अडचण: एका सिमला सहसा पूर्ण /६४ चा तुकडा (पत्त्याचे पहिले ६४ बिट ठरलेले, बाकी मोकळे) मिळतो, आणि उपकरण त्यातला पत्ता हवा तेव्हा बदलू शकतं. पूर्ण १२८ बिटांवर मोजलं तर मर्यादा चुकवणं सोपं.

म्हणून आयपीव्ही६ ची मोजणी पहिल्या ८ बाइटवर, आयपीव्ही४ ची पूर्ण पत्त्यावर पण सैल मर्यादेने. खरी, कडक मर्यादा मापकाच्या चावीवर, जी संदेशात सहीसकट येते. ओळख चावीवरून, पत्ता फक्त साक्षीसाठी.

नॅटमुळेच लॉगमध्ये स्रोत पोर्ट वगळून चालत नाही. सामाईक पत्त्यामागचा ग्राहक शोधायला कंपनीला पत्ता, पोर्ट आणि अचूक वेळ तिन्ही लागतात. आरएफसी ६३०२ हा इंटरनेट शिफारशींचा दस्तऐवज हेच सांगतो. वेळ यूटीसीत, सेकंदाच्या अपूर्णांकासह. भारतात सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी (घड्याळ जुळवणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवावी लागतात. लॉग फिरवण्याची सेटिंग त्याप्रमाणे केली.

२३ जून २०२५

यूडीपीची (जोडणी न करता पॅकेट पाठवणारी पद्धत) हृदयठोका पॅकेटं, म्हणजे मापक चालू असल्याची खूण. इथे अ‍ॅक्सेप्ट नाही, पत्ता प्रत्येक पॅकेटबरोबर रिसीव्हफ्रॉम देतो, आणि लांबीचा नियम तोच: प्रत्येक वेळी आधी भरायची. शून्य बाइटचं पॅकेट वैध असतं, रिसीव्हफ्रॉमने ० दिला म्हणजे जोडणी संपली असं नाही.

टीसीपीत तीन पायऱ्यांचा हस्तांदोलनाचा टप्पा पार पडतो, त्यामुळे स्रोत पत्त्यावर कुणीतरी खरंच उत्तर देतं एवढं तरी कळतं. यूडीपीत स्रोत पत्ता पाठवणारा लिहील तो. म्हणून सही तपासल्याशिवाय उत्तर नाही, आणि उत्तर आलेल्या पॅकेटपेक्षा मोठं नाही, नाहीतर आपला सर्व्हर तिसऱ्यावर मारा करायला वापरला जाईल.

सर्व्हरला दोन पत्ते असतील तर उत्तर ज्या पत्त्यावर विचारलं गेलं तिथूनच जायला हवं, नाहीतर मोबाइल कंपनीचं नॅट ते टाकून देतं. पॅकेट आपल्या कुठल्या पत्त्यावर आलं ते रिसीव्हफ्रॉम सांगत नाही. आयपी_पीकेटीइन्फो चालू करून रिसीव्हमेसेजच्या कंट्रोल भागातून ते काढलं, आणि तीच माहिती सेंडमेसेजला परत दिली.

२६ जून २०२५

चाचणीसंच. लिनक्सवर १२७.०.०.० चा पूर्ण /८ पट्टा लूपबॅकवर चालतो, त्यामुळे नेटकॅटला १२७.०.०.७, १२७.०.०.८ असे स्रोत पत्ते देऊन एकाच मशीनवर वेगवेगळे क्लायंट उभे केले. आयपीव्ही६ साठी नेटवर्क नेमस्पेस (त्याच मशीनवरचं वेगळं नेटवर्क) आणि व्हीईथची (आभासी नेटवर्क कार्डांची) जोडी, पत्ते २००१:डीबी८:: या दस्तऐवजांसाठी राखलेल्या पट्ट्यातले. प्रत्येक चाचणीत अपेक्षित पत्ता आणि पोर्ट आधी ठरवलेले असतात आणि लॉगची ओळ अक्षरशः जुळवली जाते. रीसेटची चाचणी, १६ बाइट एकेक करून पाठवणारी प्रॉक्सी चाचणी आणि खोट्या प्रॉक्सीची चाचणी संचात आहेत. सगळं अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसह चालतं. त्याने जुन्या सर्व्हरवर १६ बाइटच्या बफरपलीकडचं वाचन पहिल्याच आयपीव्ही६ जोडणीला पकडलं.

बाकी काम: प्रॉक्सी हेडर वाचणाऱ्या फंक्शनवर फझर (मुद्दाम वेडीवाकडी माहिती देऊन पाहणारं साधन) लावणं. लांबी ६५५३५ आणि फॅमिली ० ही दोन बीजं आधी.